पॅलिएटिव्ह केअरची औषधं : प्रशिक्षणात काय शिकवायचं आणि वॉर्डात नेमकं कुठे घसरतं

औषधवही

डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट आणि सीएचओ (गावपातळीवरचे समुदाय आरोग्य अधिकारी) यांच्यासाठी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करण्याच्या सेवेची, प्रशिक्षणं आता बऱ्याच ठिकाणी होतात. राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा. महाराष्ट्राचं स्वतंत्र धोरणही त्याच वर्षीचं, केरळच्या २००८ च्या धोरणानंतरचं. स्लाइड्स चांगल्या असतात, उत्तरचाचणीत मार्कही पडतात. आणि महिन्याभराने केसपेपर उघडले की मॉर्फिनसोबत पोट साफ होण्यासाठीची जुलाबाची गोळी नाही, मधेच दुखलं तर द्यायचा जादा डोस लिहिलेला नाही, आणि 'एसओएस' (गरज पडली तर) म्हणून लिहिलेली गोळी कपाटातच पडून.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण औषध शिकवतो, औषधाची हाताळणी शिकवत नाही. रिसेप्टरवर पाऊण तास जातो आणि 'रात्री दोनच्या डोसचं काय करायचं' यावर दोन मिनिटं. डॉक्टरने लिहिलं तिथपासून रुग्णाने गिळलं तिथपर्यंत मध्ये पाच-सहा हात लागतात, आणि चूक बहुतेक वेळा त्या हातांमध्येच होते.

सुरुवात म्हणून, प्रौढ रुग्णासाठी प्रत्येक प्रशिक्षणार्थीला न बघता सांगता यायला हवं असं हे :

तोंडाने घ्यायची साधी मॉर्फिनची गोळी (१० मिग्रॅ) २०-३० मिनिटांत काम सुरू करते आणि साधारण चार तास टिकते. म्हणून डोस दर चार तासांनी. आधी ट्रॅमाडॉल वगैरे (मॉर्फिनच्याच जातीची, पण सौम्य वेदनाशामकं) घेत नसलेल्या रुग्णाला सुरुवात ५ मिग्रॅने. वयस्कर, खंगलेल्या रुग्णाला २.५ मिग्रॅने. वेळा : सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री १० चा डोस दुप्पट, म्हणजे २ वाजता कोणाला उठवायला नको. जादा डोस दिवसाच्या एकूण मात्रेच्या एक षष्ठांश, म्हणजे चार तासांचा जो डोस तोच. पहिल्या गोळीपासून बिसाकोडिल (जुलाबाचं औषध) १० मिग्रॅ रात्री. पहिला आठवडा मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा रात्री थोडं हॅलोपेरिडॉल हाताशी.

हा धागा शिकवणाऱ्यांसाठी आणि शिकणाऱ्यांसाठी आहे. घरच्या रुग्णाचा डोस कृपया इथे विचारू नका, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

रात्रपाळी

धागा काढलात ते बरं झालं. वॉर्डाच्या बाजूने पहिली भर.

'दर चार तासांनी' आणि 'दिवसातून चार वेळा' हे दोन्ही कानाला सारखंच वाटतं. चार्टवर दिवसातून चार वेळा असं उतरलं की सिस्टर सवयीच्या वेळा टाकतात : ८, १२, ४, ८. मग रात्री आठ ते सकाळी आठ बारा तास कोरडे. पहाटे तीनला रुग्ण ओरडतो, ड्यूटीवरचा डॉक्टर डोस वाढवतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रुग्ण पेंगलेला. सगळे म्हणतात मॉर्फिन झेपत नाही. मॉर्फिन झेपत होतं, घड्याळ चुकलं होतं.

हे शिकवायला स्लाइड नको. कोरा चार्ट आणि पेन द्या, 'मॉर्फिन ५ मिग्रॅ दर चार तासांनी, रात्रीचा डोस दुप्पट' एवढं तोंडी सांगा आणि वेळा भरायला लावा. वर्गातले किती चार्ट चुकतात ते त्यांनाच मोजू द्या.

दुसरं, आकडे. मराठी १ घाईत लिहिला तर इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ५ इंग्रजी चारसारखा. घरी द्यायच्या कार्डावर एक आकडा मराठी आणि एक इंग्रजी असेल तर सून एक वाचते आणि मुलगा दुसरंच. कार्डावर गोळ्या अक्षरी लिहाव्यात : 'एक गोळी', 'दीड गोळी'. वेळेला सूर्य आणि चंद्र काढावा, कारण '२ वाजता' दुपारचे की रात्रीचे हे कागद सांगत नाही. आणि '५.०' कधीही लिहू नये, टिंब पुसट झालं की पन्नास. पाच म्हणजे ५, अर्धा म्हणजे ०.५, आधीच्या शून्यासकट.

खलबत्ता

+१. फार्मसीच्या खिडकीतून दिसणारं आता.

लिहून दिलेल्या डोसला किती गोळ्या लागतील हा हिशेब प्रशिक्षणात जवळजवळ कोणीच करून घेत नाही. उदाहरण घ्या : १५ मिग्रॅ दर चार तासांनी. दिवसाला ९० मिग्रॅ, म्हणजे ९ गोळ्या. आठवड्याला ६३. त्यात रोज तीन जादा डोस धरा, दीड-दीड गोळीचे : साडेचार रोज, आठवड्याला साडेएकतीस. एकूण ९५ गोळ्या. केसपेपरवर '७ दिवस' आणि हातात ६० गोळ्या असं झालं की पाचव्या-सहाव्या दिवशी संपतात. नातेवाईक मग शेवटच्या दोन दिवसांसाठी आधीपासूनच अर्धी अर्धी द्यायला लागतात, न सांगता. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणतो की ९० वर दुखणं थांबत नाही. प्रत्यक्षात पोटात साठच गेलेले असतात. म्हणून गोळ्या मोजल्याशिवाय डोस वाढवू नये, हा नियम डॉक्टरांच्या गळी उतरवायला हवा.

पाव गोळीवरही एक टिप्पणी. २.५ मिग्रॅ कागदावर छान दिसतं. १० च्या गोळीचे चार तुकडे करायला सांगा आणि वर्गात कोणाला करून दाखवायला लावा. भुगा होतो. खंगलेल्या रुग्णाला अर्धी गोळी सहा किंवा आठ तासांनी देऊन पुढचा अंदाज घेणं घरच्या माणसांना जमण्यासारखं आहे, पाव गोळी जमत नाही.

आणि बराच वेळ परिणाम करणारी, म्हणजे एसआर गोळी कुटू नये, चावू नये, राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) घालू नये. बारा तासांचं औषध एकदम सुटतं. ट्यूब घातली त्या दिवशी औषधांची यादी पुन्हा बघायचीच, हे नर्सिंगच्या चेकलिस्टमध्ये असायला हवं.

मिलिग्रॅम

चांगली चर्चा. डोस वाढवण्याचं गणित शिकवताना मी हे उदाहरण सुचवीन.

रुग्ण १० मिग्रॅ दर चार तासांनी घेतोय. दिवसाला ६० (रात्रीचा दुप्पट धरून). गेल्या २४ तासांत जादा डोस चार वेळा लागला, ४० मिग्रॅ. एकूण १००. सहाने भागा, १६.७. गोळीत बसणारा जवळचा खालचा डोस १५. नवीन डोस १५ मिग्रॅ दर चार तासांनी, आणि जादा डोसही आता १५. बहुतेक जण नेहमीचा डोस वाढवतात आणि जादा डोस जुनाच, १० चा, ठेवतात. ही चूक इतकी नेहमीची आहे की परीक्षेत तेवढाच एक प्रश्न विचारला तरी चालेल.

पण गणिताआधी एक प्रश्न असतो : ते चार जादा डोस कधी लागले? ड्रेसिंगच्या वेळी, कूस बदलताना, संडासला नेताना लागले असतील तर पूर्ण दिवसाचा डोस वाढवून काही साधत नाही. बसलेल्या वेळी दुखत नसतं, त्या वेळी नुसती गुंगी येते. तिथे जादा डोस ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी द्यायचा. आणि चारही डोस पुढच्या डोसची वेळ येत असतानाच लागले असतील तर मात्र नेहमीचा डोस कमी पडतोय.

उलट बाजूही शिकवा. हाडाला रेडिएशन दिलं, एक-दोन आठवड्यांत दुखणं ओसरलं, आणि मॉर्फिन जुन्याच डोसवर. दुखणं हे मॉर्फिनच्या गुंगीवरचा उतारा असतं असं समजा. ते गेलं की तोच डोस जड होतो. तिथे डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचा, एकदम बंद करायचा नाही.

सह्याद्री_उतार

प्रश्न आहे. गावपातळीवर सीएचओ आणि आशाताई यांना यातलं किती शिकवायचं? मॉर्फिनचा डोस ठरवणं त्यांचं काम नाही. मग त्यांच्या प्रशिक्षणात औषधांचा भाग वगळतात आणि फक्त 'मानसिक आधार' शिकवतात, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

औषधवही

वगळतात, आणि तिथेच नुकसान होतं. आशाताईने डोस ठरवायचा नाही, पण गोळ्या मोजायच्या, पट्टीवरचं नाव कार्डाशी जुळवायचं, आणि चार प्रश्न विचारायचे : संडास शेवटची कधी झाली, रात्री झोप लागली का, उलटी झाली का, हाक मारल्यावर उठतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर लगेच फोन. एवढं दीड तासात शिकवून होतं.

दुखणं मोजायची भाषाही त्यांच्याकडूनच नीट येते. शून्य ते दहाची पट्टी म्हाताऱ्या माणसासमोर धरली तर तो दहाच सांगतो, कारण दहा म्हणजे पूर्ण मार्क. त्याऐवजी 'रुपयात किती आणे फरक पडला?' असं विचारलं की 'आठ आणे' असं अचूक उत्तर मिळतं. आठ आणे म्हणजे निम्मं. बारा आणे आलं तर डोस आहे तसाच ठेवा. चार आण्यांच्या पुढे सरकत नसेल तर कळवा. साठीच्या पुढच्या माणसांना आणे अजून कळतात. तरुण रुग्णाला मात्र दहाच्या पट्टीनेच विचारा.

रात्रपाळी

दुखण्याच्या शब्दांवर एक पूर्ण तास द्यावा असं मी म्हणेन. आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत की निदान अर्धं तिथेच होतं, आणि केसपेपरवर मात्र सगळ्याचं 'पेन' होऊन उतरतं.

'आग होते', 'मुंग्या येतात', 'करंट मारतो', 'चमक निघते' : हे नसेचं दुखणं. नुसतं मॉर्फिन पुरत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ रात्री, किंवा गॅबापेंटिन १०० ते ३०० ने सुरुवात. म्हाताऱ्या पुरुषाला अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिलं तर लघवी अडकते का ते विचारायचं. पोट फुगलं म्हणून गॅसचं औषध दिलं जातं आणि खाली मूत्राशय तट्ट भरलेलं असतं.

'कळ येते, मग ओसरते' : आतड्याचं. हायोसिन ब्युटिलब्रोमाइड. आतडं पूर्ण बंद असेल आणि कळा येत असतील तर मेटोक्लोप्रमाइड द्यायचं नाही, ते बंद दाराला धक्के मारत राहतं.

'ठणकतं' : सूज, पू, हाड. आधी बघा पू झालाय का. गळू असेल तर मॉर्फिन वाढवत बसण्यापेक्षा ते मोकळं करा.

'जीव घाबरा होतो' याला मात्र सावधपणे घ्या. ते दुखणं असेल, दम असेल, भीती असेल किंवा साखर उतरलेली असेल. ग्लुकोमीटर लावल्याशिवाय झोपेचं इंजेक्शन नको.

खलबत्ता

साखरेवरून आठवलं. औषधं बंद करणं हाही औषध व्यवस्थापनाचाच भाग आहे, आणि तो शिकवायला सगळ्यांना संकोच वाटतो. रुग्ण दोन घास खातोय आणि ग्लिमेपिराइड (साखरेची गोळी) पूर्ण डोसने चालू. वजन पंधरा किलोने उतरलंय आणि बीपीच्या तीन गोळ्या तशाच. कोलेस्टेरॉलची गोळी, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन सगळं चालू, आणि गिळायला त्रास म्हणून मॉर्फिन राहून जातं. पहिल्या भेटीत सगळ्या पिशव्या जमिनीवर ओतायला सांगा, अक्षरशः. मग तीन ढीग : आज त्रास कमी करणारी, बंद केली तर त्रास देणारी (फिट्सची, काही वेळा हृदयाची), आणि उरलेली. तिसरा ढीग डॉक्टरांना विचारून बंद.

'औषधं बंद केली म्हणजे आशा सोडली' असं घरच्यांना वाटतं. म्हणून 'बंद करतोय' म्हणण्याऐवजी 'या गोळ्यांचं काम आता झालंय, पोटाला भार नको' असं सांगावं. हे खोटं नाही, आणि ऐकणाऱ्याला समजतं.

दोन_किल्ल्या

कायद्याचा आणि कपाटाचा भाग कोणी घेतला नाही म्हणून लिहितो.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. २०१४ च्या दुरुस्तीत 'अत्यावश्यक नार्कोटिक औषधं' अशी वेगळी वर्गवारी आली आणि २०१५ च्या नियमांनी ती लागू झाली. औषधं सहा : मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन. रुग्णालयाला 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घ्यावी लागते. आपल्याकडे ते काम अन्न व औषध प्रशासनाचं. पूर्वीसारखे वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत नाहीत. प्रशिक्षणात अजून जुनेच परवाने शिकवले जातात आणि सगळे घाबरून घरी जातात.

मान्यतेसाठी प्रशिक्षित डॉक्टर लागतो. खरी ग्यानबाची मेख इथे आहे. प्रशिक्षण घेतलेल्या एकाच डॉक्टरची बदली झाली की कपाट बंद. गोळ्या आत मुदत संपेपर्यंत पडून राहतात आणि रुग्ण शंभर किलोमीटरवर पाठवला जातो. म्हणून एका संस्थेतून एकाच वेळी किमान दोन डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक फार्मासिस्ट पाठवावेत. एकटा डॉक्टर पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात.

रजिस्टर शिकवताना खरं रजिस्टर द्या. १५ मिग्रॅचं अँप्यूल फोडलं, ७.५ दिलं, ७.५ उरलं. उरलेलं कुठे लिहायचं? 'दिलेलं' आणि 'टाकून दिलेलं' असे दोन रकाने, दुसऱ्या रकान्यासमोर साक्षीदाराची सही. प्रत्येक पाळी बदलताना मोजणी दोघांनी मिळून, एक मोजतो आणि दुसरा वाचतो. तफावत आली तर आकडा खोडायचा नाही. एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही, वेळ. व्हाइटनर लावलेलं रजिस्टर म्हणजे चोरी नसतानाही चोरीचा संशय.

मिलिग्रॅम

१५ मिग्रॅचं अँप्यूल ही वेगळीच डोकेदुखी आहे. आपल्याकडे मॉर्फिनचं इंजेक्शन १ मिलिमध्ये १० मिग्रॅ आणि १ मिलिमध्ये १५ मिग्रॅ असं दोन्ही येतं. 'अर्धं अँप्यूल द्या' या तोंडी ऑर्डरला काही अर्थ नाही. पुरवठा बदलला की तोच हात दीडपट देतो.

तोंडातून त्वचेखाली बदलायचं गणित : रुग्ण दिवसाला ९० मिग्रॅ तोंडाने घेतोय आणि आता गिळता येत नाही. दोनाने भागा, ४५ मिग्रॅ दिवसाला. दर चार तासांनी ७.५. हे १५ च्या अँप्यूलमधून अर्धा मिलि, १० च्या अँप्यूलमधून पाऊण मिलि. १ मिलिची सिरिंज हातात देऊन दोन्ही भरून दाखवायला लावा.

औषधवही

दोनाने की तीनाने? काही पुस्तकांत एकास तीन दिलंय. शिकणारे इथेच अडकतात.

मिलिग्रॅम

त्वचेखाली दोनाने, शिरेतून तीनाने अशी पद्धत बरेच जण पाळतात, काही ठिकाणी दोन्हीला तीन धरतात. रुग्ण खंगलेला, किडनी कमजोर किंवा आधीच गुंगीत असेल तर कमी येणारं उत्तर घ्या आणि जादा डोस तयार ठेवा. संस्थेने मात्र एकच आकडा ठरवून ड्रग ट्रॉलीवर चिकटवावा. एका वॉर्डात दोन आणि दुसऱ्यात तीन असेल तर रुग्ण हलवताना दर वेळी डोस बदलतो.

आणि किडनी. क्रिएटिनिन चढलं, लघवी कमी झाली की मॉर्फिनचे घटक शरीरात साठतात. झटके, भ्रम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. हे दिसल्यावर 'दुखतंय म्हणून तळमळतोय' समजून मॉर्फिन वाढवलं जातं आणि चक्र सुरू होतं. डोस कमी, अंतर सहा ते आठ तास, शक्य असेल तर फेंटॅनिल.

सह्याद्री_उतार

त्वचेखालच्या इंजेक्शनसाठी पंप लागतोच ना? ग्रामीण रुग्णालयात सिरिंज ड्रायव्हर (सिरिंजमधलं औषध हळूहळू ढकलणारा पंप) कुठून आणायचा?

रात्रपाळी

लागतोच असं नाही. २३ किंवा २४ नंबरची स्कॅल्प व्हेन (बारीक नळी जोडलेली सुई) त्वचेखाली तिरकी घालून पारदर्शक चिकटपट्टीने बसवा. जागा : कॉलरबोनच्या खाली, दंडाची बाहेरची बाजू, पोट, मांडी. सूज असलेला हात, रेडिएशन झालेली त्वचा नको. रुग्ण तळमळत असेल आणि नळी ओढत असेल तर पाठीवर, खांद्याच्या फऱ्यावर. नळी आधी औषधाने भरा, नाहीतर पहिला डोस नळीतच राहतो. लाल झालं, घट्ट झालं की जागा बदला. नाहीतर साधारण तीन दिवसांनी. घरच्या माणसाला भरलेल्या सिरिंजमधून दर चार तासांनी द्यायला शिकवता येतं.

त्वचेखाली काय चालत नाही हे तितकंच महत्त्वाचं : डायझेपाम नाही, क्लोरप्रोमाझिन नाही, प्रोक्लोरपेराझिन नाही. त्वचा जळते. मॉर्फिन, मिडाझोलाम, हॅलोपेरिडॉल, मेटोक्लोप्रमाइड, हायोसिन ब्युटिलब्रोमाइड, ग्लायकोपायरोलेट चालतं.

मिलिग्रॅम

पंप असेल तर : मॉर्फिन ४५ मिग्रॅ (१५ च्या अँप्यूलने ३ मिलि), मिडाझोलाम (शांत करणारं औषध) १० मिग्रॅ, हायोसिन ब्युटिलब्रोमाइड ६० मिग्रॅ (२० ची तीन अँप्यूल, ३ मिलि), इंजेक्शनचं पाणी घालून एकूण २४ मिलि, गती तासाला १ मिलि. मुद्दाम २४, म्हणजे भागाकारच नको. मिडाझोलाम १ मिलिमध्ये १ मिग्रॅ आणि ५ मिग्रॅ अशा दोन्ही ताकदीत मिळतं, म्हणजे १० मिग्रॅला कधी १० मिलि, कधी २ मिलि. म्हणून ऑर्डर नेहमी मिग्रॅमध्ये, मिलिमध्ये कधीच नाही. डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) या मिश्रणात टाकू नका, गाळ बसू शकतो. ते सकाळी वेगळं द्या. सिरिंज उजेडाकडे धरून बघायची, धुरकट दिसली तर फेकायची.

यंत्र शिकवताना ब्रिटनचा धडा सांगण्यासारखा आहे. तिथे वर्षानुवर्षं ग्रेसबी कंपनीचे दोन सिरिंज ड्रायव्हर शेजारी शेजारी वापरात होते. निळा एमएस १६ ए, गती मिलिमीटर दर ताशी. हिरवा एमएस २६, गती मिलिमीटर दर २४ तासांना. आकार सारखाच. २४ तासांसाठीचा आकडा चुकून ताशी यंत्रावर लावला तर दिवसभराचं औषध तासाभरात. २०१० मध्ये तिथल्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने मिलि दर ताशी मोजणाऱ्या यंत्रांकडे पाच वर्षांत वळायला सांगितलं. आपल्याकडे वेगवेगळ्या देणगीदारांकडून पंप येतात. एका वॉर्डात दोन मॉडेल असतील तर दोन्हीवर हात बसवून घ्या, नाहीतर एक कपाटात ठेवा.

खलबत्ता

पॅचवर कोणी बोललं नाही. फेंटॅनिलचा पॅच 'सौम्य' समजून लावला जातो, कारण गोळी नाही, इंजेक्शन नाही. २५ चा (तासाला २५ मायक्रोग्रॅम सोडणारा) पॅच म्हणजे दिवसाला साधारण ६० मिग्रॅ तोंडी मॉर्फिन. आधी मॉर्फिन न घेतलेल्या म्हातारीला तो थेट लावणं धोक्याचं आहे. परिणाम यायला १२ ते २४ तास लागतात, म्हणून पहिले बारा तास चालू गोळ्या तशाच. काढल्यावरही १२-२४ तास उतरत राहतो. दर ७२ तासांनी बदल, नवीन जागी, तारीख पॅचवर लिहून. केस कात्रीने कापा, वस्तऱ्याने नको. ताप आला किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवली की शोषण वाढतं. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्या रुग्णाला हे वेगळं सांगायलाच हवं.

दोन_किल्ल्या

नॅलोक्सोनचं, म्हणजे मॉर्फिनच्या उताऱ्याचं, कोणी सांगेल का? प्रत्येक कपाटात असायला हवं, आणि ते हातात आलं की घाबरून पूर्ण अँप्यूल एकदम दिलं जातं.

मिलिग्रॅम

बरोबर. पूर्ण अँप्यूल एकदम दिलं की दुखणं सगळं एकदम परत येतं, रुग्ण तडफडतो.

आधी ठरवा की गरज आहे का. हाक मारल्यावर डोळे उघडतो, श्वास मिनिटाला आठच्या वर : नॅलोक्सोन नाही. पुढचा डोस थांबवा, जवळ बसा, मोजत राहा. उठत नाही आणि श्वास आठच्या खाली : ०.४ मिग्रॅचं अँप्यूल सलाइनने १० मिलि करा. १ मिलिमध्ये ४० मायक्रोग्रॅम. अर्धा ते एक मिलि, दोन मिनिटं थांबा, श्वास मोजा, पुन्हा. लक्ष्य श्वास आहे, जागं करणं नाही. नॅलोक्सोनचा असर मॉर्फिनच्या आधी संपतो, म्हणून पुढचे काही तास रुग्णाजवळून कोणी हलायचं नाही. एसआर गोळी किंवा पॅच असेल तर त्याहून जास्त वेळ, आणि पॅच आधी काढायचा.

शेवटच्या दिवसांतल्या रुग्णाचा श्वास अडखळत चालतो, तो मॉर्फिनमुळे नसतो. तिथे नॅलोक्सोन देणं म्हणजे जाणाऱ्याला छळणं. हा फरक पुतळ्यावर शिकवता येत नाही, राउंडवर शिकवावा लागतो.

सह्याद्री_उतार

दोन छोटे प्रश्न. पोट साफ होण्यासाठी इसबगोल चालेल का, लोकांना सवय आहे. आणि डेक्सामेथासोन रात्री दिलं तर?

रात्रपाळी

इसबगोल नाही. त्याला पाणी लागतं, हा रुग्ण दिवसभरात चार पेले पीत नाही. आतड्यात लगदा होऊन बसतो. आतड्याला हालवणारं औषध लागतं : बिसाकोडिल, सेना, सोडियम पिकोसल्फेट. तीन दिवस संडास नाही तर बोटाने तपासणी. आणि 'जुलाब होतायत' असं कोणी सांगितलं तर आधी आत घट्ट शौचाचा खडा बसलाय का बघा. खड्याच्या बाजूने पातळ झिरपतं, आणि त्यावर लोपेरामाइड (जुलाब थांबवणारं औषध) दिलं की कुलूपच.

डेक्सामेथासोन सकाळी ८ आणि दुपारी २ च्या आत. रात्री दिलं तर झोप उडते, आणि तीन रात्री जागलेला रुग्ण 'भ्रमिष्ट' म्हणून लिहिला जातो. ०.५ मिग्रॅच्या गोळ्या असतील तर ८ मिग्रॅला सोळा गोळ्या होतात, कोणी घेत नाही. ४ ची गोळी आहे का ते फार्मसीला विचारूनच लिहा. साखर बघत राहा.

औषधवही

प्रशिक्षण उपयोगी पडलं की नाही ते कसं तपासायचं, यावर माझा प्रस्ताव. उत्तरचाचणी नको. सहा आठवड्यांनी त्या संस्थेतले मॉर्फिनवरचे शेवटचे दहा केसपेपर काढा आणि पाचच गोष्टी मोजा : जुलाबाचं औषध सोबत आहे का, जादा डोस मिग्रॅमध्ये लिहिलाय का, वेळा सहा-दहा-दोन-सहा-दहा आहेत का, डोस देण्याआधी आणि नंतर दुखण्याची नोंद आहे का, ट्रॅमाडॉल बंद केलंय का. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण मॉर्फिन सुरू झाल्यावर ट्रॅमाडॉल तसंच चालू राहिलेले पेपर हमखास निघतात. आकडे त्याच सिस्टरांनी मोजावेत, बाहेरच्या परीक्षकाने नाही.

खलबत्ता

सहावी गोष्ट : रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्या परत आल्या का? सुतकात कोणी गोळ्या परत द्यायला येत नाही, आणि त्या कपाटावर राहतात. भेटीला जाणारी टीम दहाव्या-बाराव्यानंतर जाते तेव्हा गोळ्या घरच्यांसमोर मोजून घ्यायच्या, कार्डावर आकडा, दोन सह्या, आणि संस्थेच्या रजिस्टरमध्ये 'परत आलेलं' या रकान्यात. त्या दुसऱ्या रुग्णाला द्यायच्या नाहीत, नष्ट करायच्या.

सह्याद्री_उतार

वापरलेले पॅच पण?

खलबत्ता

पॅच पण. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडा, झाकणाच्या डब्यात ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही असा. डबा पहिल्या भेटीतच द्या.